ताडपत्री पुरे, आता कागदाचे बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या एका जुन्या सेवाभावी संस्थेचा वर्धापनदिन नुकताच झाला आणि तालुक्यातली गरिबी संपवण्याचा संकल्प तिने नव्याने सोडल्याची बातमी आपल्या दैनिकात ठळक छापून आली. सोबत फोटो होता. मंचावर मान्यवर, त्यांच्यापुढे टेबलावर रचून ठेवलेली किटे, आणि ती घ्यायला आलेल्या बायकांच्या रांगेतली पहिलीच बाई फोटोच्या कडेला अर्धी कापलेली. या संस्थेविषयी मला आदर आहे, आणि तो का, हेही पुढे लिहितो. पण संकल्प नव्याने करायचाच आहे तर तो नेमका कशाचा करावा, यावर थोडे सविस्तर लिहायचे आहे. जागा कमी पडली तर मधला मजकूर कापा, शेवटचा कापू नका.

मी गोव्यातल्या सांगे, केपे, धारबांदोडा या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मामलेदार कचेरीसमोर टायपिंगचे दुकान चालवतो. ठिकाण कोणते ते मुद्दाम लिहीत नाही. समोरच्या मंडळींबरोबर माझा रोजचा चहा असतो आणि तो पुढेही प्यायचा आहे. टाइपरायटरच्या काळात सुरुवात केली, आता संगणक, प्रिंटर, झेरॉक्स आणि 'गोवा ऑनलाइन'वरचे अर्ज. उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नावातली दुरुस्ती, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत मालकाच्या संमतीने घर करून राहणारा) म्हणून नोंद करण्याचा अर्ज, हा माझा रोजचा माल. दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे काम किती अडलेले आहे हे त्याच्या हातातल्या पिशवीवरून मला बहुधा कळते. ज्याचे नुकतेच अडले आहे त्याच्या पिशवीत दोन-तीन कागद असतात. ज्याचे वर्षानुवर्षे अडले आहे तो बापाच्या वेळच्या घरपट्टीच्या पावत्याही घेऊन येतो.

गरिबीचा विषय निघाला की गोव्यात लगेच आकडे पुढे केले जातात. निती आयोगाच्या २०२३ च्या बहुआयामी दारिद्र्य अहवालाप्रमाणे गोव्यातल्या गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३.७६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ०.८४ टक्क्यांवर आले. त्याच्या आधीचा, तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेला २०११-१२ चा आकडा ५.०९ टक्के होता, आणि तोसुद्धा देशातल्या राज्यांत सर्वांत कमी. हे आकडे खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. निती आयोग बारा गोष्टी तपासतो. पोषण, मुलांची शाळा, स्वयंपाकाचे इंधन, संडास, पाणी, वीज, बँकेतले खाते, घर कशाचे बांधले आहे, वगैरे. या बाबतींत आमच्या आतल्या गावांतही किती फरक पडला ते मी पाहिले आहे. चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या कागदांची पिशवी आता क्वचितच माझ्या टेबलावर येते. पण त्या बारा गोष्टींत एक प्रश्न नाही. तुम्ही राहता ते घर कोणाच्या नावावर आहे? माझ्या दुकानात येणारी गरिबी बरीचशी या एका प्रश्नापाशी येऊन थांबते.

तांदळाचे म्हणाल, तर अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. संस्थेच्या किटमध्ये तांदूळ, तूरडाळ, साखर, तेल, चहापूड आणि साबण असतो. चवथीच्या तोंडावर हे मिळाले तर कोणाला नको होईल? बायका नेतात, आशीर्वाद देतात, त्यात काही वाईट नाही. मात्र ते किट न्यायला अर्ध्या दिवसाचे काम मोडून आणि बसचे भाडे भरून यावे लागते. आदल्या दिवशी आपले नाव यादीत आहे की नाही ते पंचाकडे जाऊन विचारावे लागते. भाषणे संपेपर्यंत बसावे लागते. याचा हिशेब किटच्या खर्चात कोणी धरत नाही.

आता ताडपत्रीचे सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यातच आहे.

माझ्याकडे येणारी एक बाई आहे. गावडा समाजातली, विधवा, साठी ओलांडलेली. काजूच्या हंगामात बोंडे गोळा करते, एरवी मिळेल ती मजुरी. घर मातीचे, वर नळ्यांची कौले, आणि जागा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, काजूच्या भाटात (बागायतीत). सासू-सासरे त्याच घरात वारले, नवराही तिथेच. दर वर्षी पावसाच्या आधी ही संस्था तिला निळी ताडपत्री देते. ती छपरावर पसरते, वर दगड ठेवते, चार महिने काढते. पुढच्या उन्हाळ्यात ताडपत्रीच्या चिंध्या होतात आणि संस्था नवीन देते. संस्थेच्या अहवालात दर वर्षी तिची नोंद होत असणार: लाभार्थी, एक.

मग छप्पर नीट का करून घेत नाही? घरदुरुस्तीसाठी सरकारच्या योजना आहेत, आदिवासी कल्याण खात्याचीही आहे. तिथे घराचा किंवा जागेचा कागद लागतो. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर मालक म्हणून भाटकाराच्या आजोबांचे नाव आहे. 'इतर हक्क' या रकान्यात तिच्या सासऱ्याचे नाव मुंडकार म्हणून यायला हवे होते, तिथे आडवी रेघ आहे. जमिनीचा सर्व्हे झाला त्या दिवशी सासरा कुठे तरी कामावर गेला असेल, किंवा घरी असून गप्प राहिला असेल. भाटकारासमोर बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. त्या रेघेमुळे घरातल्या तिसऱ्या पिढीवर ताडपत्री आली.

कायदा नाही असे नाही. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहिलेल्या माणसाला तिथे राहण्याचा हक्क मिळाला, आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचाही. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर, पालिका क्षेत्रात २००, असा साधारण हिशेब आहे. त्या काळी असा कायदा करायला छाती लागली असणार. आता पन्नास वर्षे होऊन गेली आणि त्या कायद्याखालचे नवे अर्ज मी अजून टाइप करतो आहे.

अर्ज टाइप झाल्यावर काय होते ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीतले नाव, वीजबिल, सर्व्हेचा नकाशा असे जोडून अर्ज आत जातो. मग भाटकाराला नोटीस. उताऱ्यावरचे आजोबा कधीच वारले, म्हणून त्यांची मुले, नातवंडे आणि आपल्याकडच्या कायद्यात नवरा-बायकोचा संपत्तीत अर्धा-अर्धा वाटा म्हणून प्रत्येकाचा जोडीदार, सगळ्यांना पक्षकार करायचे. कोणी मुंबईला, कोणी पोर्तुगालला, कोणी कॅनडात, एकीचा पत्ताच कोणाला माहीत नाही. नोटिसा परत येतात. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि तिचा खर्च अर्जदाराने सोसायचा. संपादक महोदय, आतल्या पानांवर बारीक टायपात येणाऱ्या या नोटिसा वाचकांना भरताड वाटत असतील. त्यांतल्या काहींत कोणाच्या तरी काजूच्या हंगामाची अख्खी कमाई गेलेली असते.

नंतर तारखा. भाटकाराचा वकील येतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य सांगतो: हे मुंडकार नव्हेत, राखणदार होते. पगारी राखणदार या कायद्यात मुंडकार धरला जात नाही, म्हणून ते वाक्य. ते खोडून काढायला सासऱ्याच्या पिढीचा साक्षीदार लागतो, जो जिवंत आहे, ज्याला आठवते आणि ज्याला बसने येणे झेपते. असा एक म्हातारा मिळाला. तो आला त्या दिवशी मामलेदार निवडणुकीच्या बैठकीला गेलेले. पुढच्या तारखेला पडझडीच्या पंचनाम्याला. मग त्यांची बदली. मी कचेरीला दोष देत नाही. महसूल, दाखले, कायदा-सुव्यवस्था, निवडणुका, आपत्ती आणि कूळ-मुंडकारांचे खटले, हे सारे एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर असते. अशा टेबलावर ज्या फाइलमागे कोणी उभे नाही ती खाली जाणारच. त्या बाईच्या फाइलमागे उभी कोण? ती स्वतः, दर तारखेला एका दिवसाची मजुरी बुडवून.

मागच्या तारखेनंतर ती दुकानात बसली होती. मी म्हटले, पावसाआधी संस्थेवाले येतीलच. ती म्हणाली, "ताडपत्री देतात ते बरे करतात, बाबा. पण त्यांतला एखादा शिकलेला माणूस माझ्यासोबत आत आला तर?"

तिला जे कळले ते मला इतकी वर्षे समोर बसून नीट शब्दांत मांडता आले नव्हते. ती एकटी आत गेली की तिला बाहेर बसायला सांगतात. इस्त्रीचा शर्ट घातलेला कोणी सोबत असला की खुर्ची मिळते, फाइल कुठे आहे ते शोधले जाते, पुढची तारीख तीन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांची पडते. यात लाच नाही, वशिला नाही, आपल्या समाजाची खोड आहे. ती खोड जाईल तेव्हा जाईल. तोवर शर्ट इस्त्री करणारी पुष्कळ माणसे संस्थेकडे आहेत.

इथे एक अवघड गोष्ट लिहितो. संस्थेच्या देणगीदारांत भाटकार घराणी आहेत. जुनी, दानशूर, देवस्थानांना आणि शाळांना सढळ हाताने दिलेली. मुंडकाराबरोबर मामलेदारापुढे उभे राहायचे म्हणजे कधी ना कधी आपल्याच देणगीदाराच्या समोर उभे राहायचे. संस्थेने हे कधी उघड बोलून दाखवलेले नाही, आणि म्हणून मीही कोणावर आरोप करत नाही. एवढेच म्हणतो की ताडपत्रीला कोणाचीच हरकत नसते, आणि ज्या कामाला कोणाचीच हरकत नाही त्या कामाने गरिबी संपल्याचे निदान मी तरी पाहिलेले नाही.

भाटकारांच्या बाजूनेही लिहायला हवे. लोकांच्या डोक्यात अजून जुना, दारावर माणसे ताटकळत ठेवणारा भाटकार आहे. आज माझ्याकडे येणारे भाटकार वेगळे असतात. एका भाटाला अठरा-वीस वारसदार, वारसा-वाटणीचा दावा कोर्टात पडून, नारळ काढायला पाडेली मिळत नाही, काजूचे भाट रान होत चाललेले. त्यांतल्या कित्येकांना मुंडकाराशी वैर नसते. आपण सही केली तर चुलतभाऊ काय म्हणेल, मुंडकार तीनशे चौरस मीटरांवर थांबेल की पुढे सरकेल, ही भीती असते. मुंडकाराचा भाग एकदा मोजून वेगळा झाला की उरलेल्या जमिनीचा व्यवहार मोकळा होतो, हे कोणी शांतपणे समजावले तर सही करणारे आहेत. असे समजुतीने मिटलेले दावे मी स्वतः टाइप केले आहेत. पण मध्ये बसणारा माणूस दोन्हीकडच्या ओळखीचा लागतो. आमदार चालत नाही, कारण तो मते मोजणार अशी शंका येते. वकील एका बाजूचा असतो. जत्रेच्या दिवशी दोन्ही घरांतले लोक ज्यांना नमस्कार करतात असे चार-पाच तरी जण या संस्थेच्या कार्यकारिणीत आहेत. हे भांडवल पैशांत मिळत नाही आणि ते किटे वाटण्यात खर्च होत आहे.

मुंडकारांचा गठ्ठा सर्वांत जाड, पण तो एकटा नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिन्याला २००० रुपये मिळतात, गृह आधार योजनेत गृहिणींना १५०० रुपये. दोन्हींना गोव्यातले पंधरा वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. दयानंद योजनेला वरून वर्षाला हयातीचा दाखला. म्हातारा अंथरुणावर पडला, दाखला राहिला, पैसे थांबले, आणि ते परत सुरू करायला जाणारा माणूस घरात नाही, कारण मुलगा वेर्ण्याला कंपनीत पाळीवर. नावांची वेगळीच तऱ्हा. मुक्तीआधीच्या जन्मनोंदी पोर्तुगीज पद्धतीच्या. तिथल्या 'नाईक'च्या शेवटी 'क्यू यू ई' असते, आधार कार्डावर 'के'. म्हणजे १९६१ च्या आधी जन्मलेले, आज ज्यांना पेन्शनची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याच कागदांत ही गाठ बसलेली. प्रतिज्ञापत्र करा, तरीही कधी बँकेला पटते, कधी पटत नाही.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मुलांच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीला जातीचा दाखला लागतो, दाखल्याला बापाच्या नोंदी लागतात, नोंदी शोधायला दिवस लागतात, आणि हे सगळे जूनमध्ये एकदम सुचते. त्याच जूनमध्ये संस्था शाळेत जाऊन मुलांना वह्या वाटते. वह्या वाटणाऱ्या कार्यकर्त्याने प्रत्येक मुलाला एकच विचारावे, दाखला झाला का? झाला नसेल तर जानेवारीतच कामाला लागायचे. वनहक्कांचे तर बोलायलाच नको. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. वडीलधाऱ्यांचे जबाब त्यात पुरावा म्हणून चालतात. ते जबाब वेळेवर लिहून घेतले जात नाहीत आणि वडीलधारे निघून जातात. एका गावातले चार म्हातारे बसवून त्यांचे जबाब लिहून घ्यायला किती खर्च येतो? माझ्या दरात सांगतो, एका किटपेक्षा कमी.

आणखी एक. धरणासाठी कुर्डी गाव साळावलीच्या पाण्याखाली गेले, माणसे वाडे-वालकिणीला बसवली, आणि त्या पाण्यावर अर्धा दक्षिण गोवा जगतो. जमीन दिलेल्या त्याच लोकांना मिळालेल्या भूखंडांच्या मालकीसाठी वर्षानुवर्षे मागण्या कराव्या लागल्या. तेव्हा कागदाचा प्रश्न फक्त भाटकार-मुंडकारांतला आहे असे समजू नये. सरकारने २०२५ मध्ये सरकारी आणि कोमुनिदाद (गावकीच्या) जमिनींवरच्या घरांसाठी 'माझे घर' योजना आणली. चांगले झाले. पण तिचाही अर्ज भरावाच लागतो, आणि ज्याला भरता येत नाही तो माझ्या दारात येतो.

सगळी गरिबी कागदाने सुटते असा माझा दावा नाही. खाणी पहिल्यांदा २०१२ मध्ये बंद पडल्या, नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा. ज्यांच्या अंगणात कर्ज काढून घेतलेले ट्रक उभे होते त्यांची घरे कशी खाली आली ते या पट्ट्यात सर्वांना माहीत आहे. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्यात २०१९-२० पासून उसाचे गाळप थांबले आणि ऊस उत्पादकांची तीच गत झाली. या माणसांना काम हवे, बाजार हवा. तिथे संस्थेचे किट आणि माझा टाइप केलेला अर्ज दोन्ही तोकडे. त्याचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे, तो कोणत्याही सेवाभावी संस्थेच्या खांद्यावर टाकू नये.

संस्थेविषयी आदर का, ते लिहितो म्हटले होते. २३ जुलै २०२१ च्या पुराने काठच्या घरांत कमरेएवढा चिखल भरला, तेव्हा सरकारी माणूस पोहोचण्याआधी या संस्थेची मुले फावडी घेऊन आली होती. त्यांनी गाद्या बाहेर काढल्या, विहिरी उपसल्या, स्टोव्ह आणि तांदूळ दिला. त्या दिवशी किट म्हणजे किटच हवे होते. टाळेबंदीतही तसेच. संकटात धावणारी माणसे आपल्याकडे आहेत. हेवा वाटावा अशी आहेत. पण पूर एका दिवसात येतो आणि जातो. ताडपत्रीखालच्या बाईचे संकट वर्षभराचे असते आणि ते कुठेही फोटोत येत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. या वर्षीच्या किटांच्या खर्चातून थोडा भाग बाजूला काढावा आणि त्यातून एक तरुण मुलगी किंवा मुलगा पगारावर ठेवावा, ज्याचे काम एकच: लोकांबरोबर आत जाणे. पदवीधर असला, चार ठिकाणी हसून बोलता आले आणि तारीख विसरला नाही की पुरे. दुसरे, तारखेच्या दिवसाची मजुरी संस्थेने द्यावी. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दावा सोडून देणारे लोक कायदा कळला नाही म्हणून सोडत नाहीत, दर तारखेला एक रोज बुडतो म्हणून सोडतात. अर्जदाराची मजुरी, साक्षीदाराची मजुरी आणि दोघांचे बसभाडे, एवढे दिले तर कित्येक दावे तडीस जातील. जाहीर नोटिशीचा खर्चही असाच उचलता येईल, आणि संपादक महोदय, अशा नोटिशींना आपण दरात सवलत दिलीत तर कोणाचे बिघडणार नाही.

वकिलाची सोय तर आधीच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो, आणि तो महसुली खटल्यांतही मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी हे माहीत असलेले हाताच्या बोटांवर मोजावेत. मिरामारच्या साळगावकर आणि मडगावच्या कारे विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना बोलावले तर तेही येतील. त्यांना शिकायला मिळेल, आणि त्यांचे शर्ट इस्त्रीचे असतातच.

संस्थेच्या फलकावर 'स्थानिक गरिबी' असे लिहिले आहे. स्थानिक कोण, यावर आपल्याकडे लगेच आवाज चढतो. माझे मत विचाराल तर आमच्या गावात बांधकामावर असलेला कर्नाटकातला किंवा झारखंडातला मजूर इथेच उपाशी झोपत असेल, तर ती गरिबी इथलीच. त्याला पंधरा वर्षांचा दाखला मिळणार नाही, मिळायला हवा असेही मी म्हणत नाही. पण त्याच्या गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळू शकते, आणि वर्षात ९० दिवस काम केले असल्यास बांधकाम कामगार मंडळाकडे त्याची नोंदणी होऊ शकते. हे त्याला कोणी सांगत नाही. ठेकेदार तर सांगणारच नाही.

हे सगळे घडले तर पहिली झळ मला बसेल. अडलेल्या कागदावरच माझे दुकान चालते, आणि हे पत्र लिहून मी आपल्याच पोटावर पाय आणतो आहे, असे बायको म्हणते. तिला मी सांगितले की मामलेदार कचेरीसमोरचे दुकान कागदांच्या तुटवड्याने बंद पडल्याचे गोव्यात अजून कोणी ऐकलेले नाही.

पुढच्या वर्धापनदिनाला किती किटे वाटली ते नका सांगू. किती उताऱ्यांवरची आडवी रेघ जाऊन तिथे नाव आले, किती बंद पडलेली पेन्शन सुरू झाली आणि किती मुलांचे दाखले जूनच्या आत झाले, ते मंचावरून वाचून दाखवा. पहिल्या वर्षी आकडा लहान येईल. येऊ दे.

ताडपत्र्या या वर्षीही द्याव्या लागतील, पाऊस थांबणार नाही. मात्र द्यायला जाल तेव्हा प्रत्येक घरात विचारा की कागद कुठे अडला आहे, आणि वहीत लिहून घ्या. ती वही माझ्याकडे आणा. रविवारी दुकान बंद असते, टेबल, प्रिंटर आणि मी तिघेही मोकळे असतो. टायपिंगचे पैसे घेणार नाही. कागद आणि शाई मात्र संस्थेने आणावी, तेवढेही फुकट द्यायला मला परवडणार नाही.

आपला विश्वासू,
एक टंकलेखक
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत वेगळा जोडला आहे, कृपया छापू नये.)